दोन हजारांची केबल आणि गच्चीवरची छत्री

गावागावांतल्या व्हॉट्सॲप गटांत एक निरोप फिरतो आहे. मजकूर साधारण असा: "फोरके टीव्ही घेतला ना भाऊ? मग सोन्याच्या मुलाम्याची दोन हजारवाली '२.१' केबलच लावा, साध्या केबलनं चित्र पुसट दिसते. केबल जितकी जाड तितकी चांगली. जुन्या डब्याला एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी लावा, फ्री डिश एचडी होते. आभाळ आलं की टीव्हीचं बटण बंद करा, बस." यात चिमूटभर खरं आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो.

आधी 'पुसट' चित्राचं पाहू. एचडीएमआय म्हणजे डबा (सेट टॉप बॉक्स) टीव्हीला जोडणारी केबल. तिच्यातून चित्र आकड्यांच्या रूपात जातं. केबल कमी पडली तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, दोन-चार सेकंद अंधार होतो किंवा 'नो सिग्नल' येतं. कडा पुसट करणं किंवा रंग फिके करणं हे तिचं काम नाही. फ्री डिशच्या बहुतेक वाहिन्या एसडी (साध्या दर्जाच्या) आहेत, म्हणजे जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६ पिक्सेल. फोरके पडदा ३८४० गुणिले २१६०चा, बरोबर वीसपट. आलेल्या एका पिक्सेलच्या जागी वीस भरायचे, तर टीव्हीला अंदाजच करावा लागतो. त्यात पंचावन्न इंची टीव्ही लावून पाच फुटांवर खाट टाकली, की तो अंदाज डोळ्यांना दिसतो. तिथे केबल बदलून काही होत नाही.

सोन्याच्या मुलाम्यानं पिन गंजत नाही. एवढाच त्याचा उपयोग, आणि तो स्वस्त केबललाही असतो.

'२.१' हा आकडा एचडीएमआय मानकाचा आहे, केबलचा नाही. केबलच्या प्रतींना नावं आहेत. 'हायस्पीड' प्रत १०८०पी (फुल एचडी) आणि सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, इथपर्यंतच्या फोरकेला चालते. 'प्रीमियम हायस्पीड' सेकंदाला १८ गिगाबिट वाहते, म्हणजे ६० फ्रेमचं फोरके. 'अल्ट्रा हायस्पीड' ४८ गिगाबिटची, १२० फ्रेमवर खेळणाऱ्या गेमिंग यंत्रांसाठी. सेट टॉप बॉक्सला पहिली पुरे, फोरके स्ट्रीमिंगच्या यंत्राला दुसरी. वरच्या दोन प्रतींच्या वेष्टनावर क्यूआर कोडचं प्रमाणपत्राचं लेबल असतं. ते नसेल तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा 'एन्हान्स्ड' पर्याय बंद असेल, तर चांगली केबलही पूर्ण वापरली जात नाही.

जाड केबलचा मुद्दा अर्धा खरा आहे. तांबं जाड असेल तर लांब अंतरावर सिग्नल कमी झिजतो. पण दीड मीटरला त्यानं फरक पडत नाही, उलट भिंतीवरच्या टीव्हीमागे ताठ केबल लोंबली की पोर्टचं सोल्डरिंग तुटतं. फोरके ६० फ्रेमसाठी साध्या तांब्याच्या केबलचा भरवसा पाच मीटरपर्यंत धरावा. ओसरीत डबा आणि आतल्या खोलीत टीव्ही असेल, तर महागडी एचडीएमआय ओढू नका. डबा टीव्हीजवळ ठेवा आणि लांबी छत्रीकडून (डिश अँटेनाकडून) येणाऱ्या कोएक्स तारेला द्या. ती चांगली असेल तर २५-३० मीटर सहज जाते.

एव्ही म्हणजे लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जुनी जोडणी. तिच्या डबीनं आकार मोठा होतो, तपशील वाढत नाही. पिवळ्या पिनेत रंग आणि उजेड एकाच तारेतून मिसळून येतात. तिथे गेलेली बारकाई पुढे कोणतीच डबी परत आणत नाही. डब्याला एचडीएमआय असेल तर मात्र तेच वापरा, एसडी चित्रही जरा स्वच्छ दिसतं. डबी घ्यावीच लागली तर बाणाची दिशा पाहा: एव्हीचं एचडीएमआय करणारी आणि त्याच्या उलट काम करणारी, दोन्ही दिसायला सारख्याच. एका डब्याची तीनरंगी जॅक-केबल दुसऱ्याला लावल्यावर चित्राऐवजी नुसती गुरगुर आली, तर पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्याच्या जागी लावून बघा. जॅकमधला क्रम सगळ्यांचा सारखा नसतो.

पैसा खर्चायचाच तर गच्चीवर खर्चा. दोष कुठे आहे ते रिमोटनं कळतं. चित्र फुटत असताना डब्याचा मेनू उघडा. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्र चौकड्याचौकड्यांचं, तर दोष छत्रीकडे. मेनूही तुटतो किंवा काळा होतो, तर एचडीएमआय केबल किंवा पोर्ट पाहा. खेड्यात बहुतेक वेळा पहिलाच प्रकार निघतो.

छत्रीची तार ७५ ओहमची आरजी-६ घ्या, बाहेर काळ्या आवरणाची. नवतप्यातल्या (मे अखेरच्या) उन्हानं साधं पांढरं आवरण तडकतं आणि पहिल्याच पावसात पाणी आत शिरतं. एफ पिन (छत्रीच्या तारेच्या टोकाची आट्यांची पिन) बसवताना टोकाला साधारण ६ मिलिमीटर तांबं उघडं करा, पुढच्या तेवढ्याच भागावरचं बाहेरचं आवरण काढून जाळी मागे दुमडा. पिन बसल्यावर आतला पांढरा फोम तिच्या तळाशी टेकलेला हवा आणि तांबं तोंडाबाहेर २-३ मिलिमीटर यावं. जाळीचा एक केसही मधल्या तांब्याला टेकला तर शॉर्ट होतो, कारण याच तारेतून एलएनबीला (छत्रीपुढच्या सिग्नल पकडणाऱ्या डोक्याला) १३ किंवा १८ व्होल्ट जातात. म्हणून पिन काढता-लावताना डबा बंद ठेवा. तारा पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड चालत नाही, दोन एफ पिना आणि मध्ये बॅरल (दोन्हीकडून पिन बसणारा जोड) घाला. बाहेरच्या पिनेवर रबरी टेप लावा, आणि तार भिंतीत शिरण्याआधी खाली झोल सोडा म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं. कवेलूच्या घरात तार आढ्यावरून नेली तर उंदीर कुरतडतात, पाइपातून न्या. माकडांनी छत्री हलवली असेल तर तारेला दोष देण्याआधी नटबोल्ट पाहा.

राहिलं बटण. या एका वाक्यानं निरोप धोकादायक होतो. बटण बंद केलं तरी प्लगची दुसरी तार आणि छत्रीची तार जोडलेलीच असते. जवळ वीज पडली की झटका कोएक्समधून डब्यात आणि तिथून एचडीएमआयनं टीव्हीच्या पोर्टात शिरतो. ढग दूर असतानाच प्लग उपसा, कोएक्सची पिन सोडून टीव्हीपासून लांब ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर हात लावू नका. छत्रीच्या खांबाला अर्थिंग हवंच, तरी थेट पडलेल्या विजेपुढे ते यंत्र वाचवेल याची हमी नाही.

दोन पिनांच्या सॉकेटवर चालणाऱ्या डब्याच्या धातूला हात लावला की कधीकधी झिणझिण्या येतात. अशा डब्याची एचडीएमआय चालू वीज असताना खुपसली तर पोर्ट जळू शकतो. सगळे प्लग काढा, आधी एचडीएमआय लावा, मग कोएक्स, आणि वीज सगळ्यांत शेवटी.