ब्लू फ्रॉगच्या आधीही मुंबई गात होती

'२००७ मध्ये ब्लू फ्रॉग सुरू होईपर्यंत मुंबईत लाइव्ह संगीताला हक्काची जागाच नव्हती' हे मुंबईच्या नाइटक्लबांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. धोबी तलावचं खुलं नाट्यगृह, रंगभवन, विसरलात का? १९७८ ची पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझ संगीताचा महोत्सव, तिथेच झाली. ऐंशीच्या दशकात मी कॉलेजात असताना गिरगावातून चालत तिथे जायचो. वर उघडं आकाश, समोर सॅक्सोफोन, आणि शेजारी माझ्यासारखीच खिशात मोजके पैसे घेऊन आलेली मुलं. रुग्णालयं-शाळांजवळ मोठ्या आवाजाला बंदी घालणाऱ्या शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तिथले कार्यक्रम बंद पडले, त्याचं दुःख मला ब्लू फ्रॉग २०१६ साली बंद झाला त्याहून कितीतरी मोठं वाटतं. ब्लू फ्रॉगचा आवाज उत्तमच होता, पण तिथे पाऊल ठेवायला आधी खिसा चाचपावा लागे.

आणि त्याही मागे जा की! १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड ताजमध्ये वाजवत होता. पुढे तिथेच गोव्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवू लागला आणि तोच आपल्या संगीतकार सी. रामचंद्रांच्या, म्हणजे पुणतांब्याच्या चितळकरांच्या, गाण्यांतही वाजला. त्यांच्या 'अलबेला' चित्रपटाची गाणी आमच्या चाळीत प्रत्येक गणपतीत लागायची. ताजची पायरी कधीही न चढलेल्या माझ्या आईचे पाय त्या ठेक्यावर हलायचे. नाइटक्लबचा इतिहास लिहिताना ही गोवेकर वादक मंडळी गाळू नका, एवढी मनापासून विनंती.