'स्वखुशीने आले' म्हणणाऱ्या वाचकास

न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरितांच्या जुन्या भाड्याच्या इमारतींवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाने, नाव न देता, लिहिलं आहे: "एकतर्फी रडगाणं. लोक तिथे स्वखुशीने आले, गावापेक्षा बरं होतं म्हणूनच राहिले. मजुरी वाढली, शाळा निघाल्या, ते लेखकाला दिसत नाही. कायद्याचं सालही चुकलंय."

या इमारतींसाठीच्या कायद्याचं साल चुकलं, मान्य. 1879 च्या जागी 1897 पडलं होतं. दुरुस्त केलं, आभारी आहे. पण 'रडगाणं'? मतभेद जरूर असावेत, पण महिनोन् महिने वाचून लिहिणाऱ्या माणसाशी असं बोलायचं असतं का?

आता 'स्वखुशीने'. 1845 पासून आयर्लंडात बटाट्याचं पीक कुजत गेलं आणि माणसं उपाशी मेली. 1881 नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले. तिथून जीव वाचवून जहाजात बसलेल्यांची कसली हो खुशी? आणि न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या वस्तीत त्यांना मिळालं काय? 25 फूट रुंदीच्या प्लॉटवर पाच-सहा मजले, दर मजल्यावर चार बिऱ्हाडांच्या मिळून 14 खोल्या, त्यांतल्या फक्त 4 खोल्यांना थेट उजेड. 1879 च्या कायद्याने प्रत्येक खोलीला बाहेरच्या हवेची खिडकी सक्तीची केली, तेव्हा बिल्डरांनी इमारतीच्या कुशीला 28 इंचांची खाच ठेवली. शेजारच्या इमारतीची तशीच खाच तिला भिडली की झाली हवेची विहीर. खालच्या मजल्यांपर्यंत उजेड पोचायचा नाही, वरून कचरा पडायचा आणि आग लागली की तीच विहीर धुराडं व्हायची.

हे मला नुसत्या पुस्तकांतून कळलेलं नाही. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत मी लालबागच्या चाळीत राहिलो. दहा बाय बाराची खोली, आम्ही आठ जण. आमची एकुलती खिडकी हाऊस गल्लीवर, म्हणजे दोन इमारतींमधल्या सांडपाण्या-कचऱ्याच्या बोळावर उघडायची, म्हणून आई ती उघडूच द्यायची नाही. भर दुपारी दिवा लावून मी दहावीचा अभ्यास केला. 'बरं होतं म्हणून राहिले' हे वाक्य माझ्या आईसमोर म्हणून दाखवा. आम्ही राहिलो, कारण गावी परत जाऊन खायला काही नव्हतं. तुम्ही कधी पहाटे चारला बादली घेऊन नळावर उभे राहिला आहात का?

मजुरी आणि शाळांचा मुद्दा इथे गैरलागू आहे. लेख घरांवर होता.

आणि लोक खूश होते तर 1901 चा कायदा कशासाठी करावा लागला? त्याने नव्या इमारतींत मोठं अंगण आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र संडास सक्तीचा केला, जुन्या इमारतींच्या परसातले घाणेरडे सामाईक संडास काढायला लावले. त्याविरुद्ध कोर्टात कोण गेलं? भाडेकरू नव्हे, एक घरमालकीण. 1904 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टात ती हरली.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी द्या, तिलाही उत्तर देईन.