आधी वरचा, मग खालचा

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई सांगलीत शिरली, तेव्हा आमच्या बोळातली जीप निम्म्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती. पाणी उतरल्यावर इंजिनाचं ऑइल बदललं, ब्रेक खोलले, सीटा गच्चीवर वाळत घातल्या. मागच्या डिफरन्शियलची, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या दातेरी चाकांच्या डब्याची, आठवण कुणालाच झाली नाही. दिवाळीत मात्र ते चाळीसच्या पुढं कण्हायला लागलं.

रविवारी सकाळी पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरलो. पान्याला पायपाचा तुकडा जोडून खालचा ड्रेन प्लग ढिला केला आणि घमेल्यात पडायला लागला तो चक्क दुधाळ चहा! गिअर ऑइलमध्ये पाणी गेलं की असा रंग येतो, हे ऐकून होतो. वासाचं कुणी बोललं नव्हतं. दातांवरचा दाब सोसावा म्हणून या तेलात गंधकाची संयुगं घालतात. समोरच्या काकूंनी दोनदा गॅस बंद करून बघितला.

प्लगच्या चुंबकावर काळं लोणी जमलं होतं. बोटावर चोळलं तर चांदीसारखी चकाकी. झिजलेले दातच ते, पण दिसायला देखणे.

आता वरच्या भोकातून नवं नव्वद नंबर गिअर ऑइल ओतून आतनं धुवायचं. वरचा प्लग हलेना. जोर लावला, पाना सटकला, प्लगच्या कडा गोल झाल्या.

"आधी वरचा खोलायचा असतोय," शेजारचे आप्पा तोंडातला ब्रश काढून म्हणाले. "तो निघाला तरच खालचा."

"मग मगाशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

तेल नसलेली गाडी गॅरेजपर्यंत न्यायची नाही, एवढी अक्कल शिल्लक होती. शंभर फुटी रस्त्यावरून मिस्त्री आला तो बारा वाजता. त्याच्या पोऱ्यानं छिन्नी तिरकी धरून तीन ठोके घातले, प्लग निघाला. मी पायपाचा तुकडा पायानं गाडीखाली सरकवला.

अर्धा लिटर ओतून मागची चाकं उचलली, गाडी गिअरमध्ये टाकली आणि हातानं चाक फिरवलं. हे पुढं जाई तसं पलीकडचं मागं. "आमची दोन पोरं," आप्पा म्हणाले. पहिल्या धुण्यात राखाडी निघालं, दुसऱ्यात जरा सोनेरी. मग भोकाच्या ओठावरून ओघळेपर्यंत नवं भरलं.

हात पुसता पुसता मिस्त्रीनं विचारलं, "पुरानंतर गिअरबॉक्सचं बदललंय न्हवं?"

मी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी घरातून खुर्ची मागवली.