सॅडल पीकला टेकडी समजून जाऊ नका

"७३२ मीटर? आपला पन्हाळा त्याहून उंच हाय की!" अंदमानच्या सॅडल पीकचा विषय निघाला की कोल्हापुरात हे वाक्य ठरलेलं. पन्हाळा ९७० मीटरच्या आसपास आहे, हे खरंच. पण कोल्हापूर शहरच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर बसलंय. म्हणजे पन्हाळ्याचा चढ जेमतेम चारशे मीटर, आणि तोही आपण बहुतेक वेळा गाडीनं चढतो. सॅडल पीकची वाट वाळूतून सुरू होते. तिथले ७३२ च्या ७३२ मीटर पायांनीच चढायचे.

अंदमान-निकोबारमधलं हे सर्वांत उंच शिखर उत्तर अंदमानात, डिगलीपूरजवळ आहे. कालीपूरच्या पुढे लामिया बे इथे वनखात्याच्या नाक्यावर नोंद आणि परवानगी घ्यायची, वाटाड्या सोबत घ्यायचा. एका बाजूचं अंतर साधारण ८ किलोमीटर. सुरुवातीचा भाग किनाऱ्यानं जातो, मग गर्जन-पडौक झाडांच्या दाट रानात शिरून वाट उभी चढायला लागते.

माझं मत स्पष्ट आहे: पन्हाळा-पावनखिंड केलेल्याला या वाटेवर पाय दगा देत नाहीत, दगा देतात घाम आणि घड्याळ.

आधी घड्याळ. तिथेही घड्याळ भारताचंच, पण बेटं आपल्या पूर्वेला साडेअठरा रेखांश. एका रेखांशाला चार मिनिटं धरा, म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास पुढे. डिसेंबरात संध्याकाळी पाचला सूर्यास्त, आणि झाडीत साडेचारलाच काळोख. जाऊन-येऊन सात-आठ तास लागतात. कोल्हापुरी पद्धतीनं मिसळ खाऊन नऊला निघालात तर उतरताना बॅटरी लागणारच. सहाला चालायला लागा आणि परतीची वेळ आधीच ठरवा: साडेअकराला जिथे असाल तिथून माघारी. शिखर दहा मिनिटांवर दिसत असलं तरी. हेडटॉर्च तरीही सॅकमध्ये हवाच.

आता घाम. आपल्याकडे एप्रिलमध्ये ऊन भाजतं, पण हवा कोरडी असल्यानं घाम वाळतो आणि अंग गार होतं. बेटावरच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. शरीर थंड होत नाही, पाणी आणि मीठ मात्र जातच राहतं. नुसतं पाणी पीत राहिलं तर डोकं दुखतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि माणूस म्हणतो, "पाणी तर भरपूर प्यालो!" माणशी चार लिटर पाणी घ्या, त्यातल्या दोन लिटरांत ओआरएस, एका लिटरला एकच पुडी. पुडी अर्ध्या बाटलीत ओतून दाट सरबत करू नका, त्यानं उलट त्रास होतो. सुती टी-शर्ट ओला होऊन अंगाला चिकटतो आणि काखेत, मांडीत सोलतं. लवकर वाळणारा पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

किनाऱ्याच्या टप्प्यात आपल्यासारखी घाटावरची माणसं हमखास फसतात, कारण भरती-ओहोटी आपल्या हिशोबातच नसते. भरतीला वाळूची पट्टी अरुंद होते आणि ओल्या, निसरड्या दगडांवरून जावं लागतं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठं असतं. आदल्या दिवशी गावात विचारून घ्या. हा भाग सँडलवर चाला, बूट सॅकला बांधा. रानात शिरताना पाय पुसून, वाळू झटकून कोरडे मोजे चढवा. ओल्या मोज्यात वाळू अडकली तर दोन तासांत टाचेला फोड आलाच म्हणून समजा. वाळूत बसकण मारू नका, सँडफ्लाय म्हणजे वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि खाज आठवडाभर पिच्छा सोडत नाही.

दाजीपुरात गव्याची धास्ती असते, इथे रानात वाघ-बिबट्या नाही. पण खाड्यांत खाऱ्या पाण्यातली मगर आहे. म्हणून ओढ्याच्या मुखाशी, खाडीत पाय बुडवायची हौस नको. जळवा आपल्या आंबा घाटासारख्याच. ओढून काढू नका, नखानं तोंडाकडून अलगद सरकवा. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, कारण जळू रक्त गोठू न देणारा द्रव सोडते. दाबून धरलं की थांबतं.

हंगामाचं गणितही उलटं. आपला ट्रेकर जुलैत खुलतो. अंदमानला मान्सून केरळच्याही आधी, मे महिन्यात पोचतो आणि पाऊस पार नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो. तेव्हा मुळांची वाट साबणासारखी होते. जानेवारी ते मार्च उत्तम.

श्री विजयपुरमहून, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरहून, डिगलीपूरला रस्त्यानं गेलात तर तो अख्खा दिवस प्रवासाचाच. जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानंच सोडतात. तिथे थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे, आणि ती काटेकोर पाळा.

एवढे दिवस हाताशी नसतील तर श्री विजयपुरमसमोरचं ३८३ मीटरचं माउंट हॅरिएट करा, आता नाव माउंट मणिपूर. जुन्या लाल वीसच्या नोटेवरचं दृश्य तिथलंच. १८७२ साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तिथे सूर्यास्त पाहून अंधारात खाली धक्क्यावर आला आणि शेर अली या कैद्यानं त्याला तिथेच भोसकलं. तुमच्यावर तशी वेळ येणार नाही, पण बोटीची वेळ विचारूनच वर चढा.