ती म्हणाली, "हांवें सोडलें तें"

आज म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात गेले होते. चवथीची थोडी खरेदी आधीच उरकावी म्हणून. आंबाड्यांचा भाव करत उभी होते, तर मागून हाक आली, "मावशे!" आमच्याच वाड्यावरची मुलगी. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर पीएचडी केलेली, गेली दोन वर्षं बाहेरगावी त्याच विषयात पुढचं काम करत होती. म्हटलं, चवथीला आलीस गो? तर म्हणाली, "ना, हांवें सोडलें तें." म्हणजे संशोधनच सोडलं. सोमवारपासून वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला जाणार.

तेव्हापासून डोकं तापलंय. बाजाराची पिशवी तशीच ओट्यावर पडलीय आणि मी हे लिहीत बसलेय.

जुन्या मित्रमंडळींना ठाऊक आहे, 2011 मध्ये माझ्या मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झाला. सहा वर्षांचा होता. थिवीहून रात्रीची कोकणकन्या, पहाटे दादर, तिथून इस्पितळ. एकदा त्याच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढायची होती, तेव्हा एक पोरगी माझ्याजवळ आली. डॉक्टर नव्हती, संशोधन करणारी. चोवीस-पंचवीसची असेल. हातात जांभळ्या टोपणाची नळी, एका चपलेचा अंगठा तुटलेला, त्याला सेफ्टीपिन. म्हणाली, "काकी, तपासणीला काढणारच आहेत, त्यातलं थोडं आमच्या अभ्यासाला दिलं तर चालेल? वेगळी सुई नाही टोचणार." मी विचारलं, काय करणार त्याचं? तर ती बाकावर शेजारी बसली आणि माझ्या रेल्वेच्या तिकिटामागे पेनाने ठिपके काढत बसली. औषधाने कॅन्सरच्या पेशी गेल्यासारख्या वाटतात, सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत. पण दहा हजार पेशींत एक जरी उरली तरी यंत्रावर ती पकडता येते, आणि ती उरली की नाही यावर पुढचं औषध किती जोरात द्यायचं ते ठरवता येतं.

तोवर मला इतकं समजावून कोणीच सांगितलं नव्हतं. त्यांना वेळ नव्हता, मी कोणाला दोष देत नाही. निघताना सहज विचारलं, पगार बरा असेल ना? म्हणाली, "फेलोशिप आहे काकी. पाच महिने झाले, आलेली नाही."

पाच महिने! आणि आज बाजारात ही वाड्यावरची मुलगी सांगते, तिची सात महिने आलेली नाही. इतक्या वर्षांत बदललं काय मग? रक्कम वाढली, हो. जानेवारी 2023 पासून पीएचडी करणाऱ्या मुलांची जेआरएफ, म्हणजे सरकारी फेलोशिप, महिना 31 हजारांची 37 हजार झाली. पण महिनोन्महिने हातात न पडणाऱ्या 37 हजारांनी घरभाडं भरता येतं का? हिने स्वतःच्या कामासाठी अनुदान मागितलं, तर उत्तर आलं, प्राथमिक निष्कर्ष पुरेसे नाहीत. निष्कर्ष काढायला पैसे हवेत आणि पैसे मागायला निष्कर्ष. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत.

माझ्या मुलाच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट नावाचं कॅन्सरवरचं औषध द्यायचे. सिरिंजमध्ये हळदीच्या पाण्यासारखं पिवळं. ते कोणाच्या हाताखाली तयार झालं माहीत आहे? यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. 1920 च्या दशकात सासऱ्यांच्या आणि एका धर्मादाय संस्थेच्या मदतीने बोस्टनला गेले, इस्पितळात रात्रपाळीची हलकी कामं करून दिवस काढले. हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. शेवटी औषध कंपनीत गेले आणि तिथे त्यांच्या गटाने अमिनोप्टेरिन आणि मेथोट्रेक्सेट बनवलं. ल्युकेमियाची मुलं अमिनोप्टेरिनने काही काळ तरी सावरतात, हे 1948 मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी जगाला दाखवलं. त्याआधी अशा मुलांच्या आईबापांना नुसतं बघत बसावं लागायचं.

कोणीतरी म्हणेलच, बघा, तेही कंपनीतच गेले ना? गेले. पण तिथे त्यांना संशोधन करू दिलं. ही गोळ्या तपासणार आहे. ते कामही कोणीतरी चोख करायलाच हवं, मान्य. पण सात-आठ वर्षं जे शिकली ते आता कोण वापरणार?

मुलांचे कॅन्सर मोठ्यांच्या मानाने खूप कमी, हेही मान्य. म्हणूनच तर कंपन्यांना त्यात बाजार दिसत नाही. सहा वर्षांच्या पोराने काय तंबाखू खाल्ली होती? श्रीमंत देशांत 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात आणि गरीब देशांत 30 टक्क्यांहूनही कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो आकडा वाचला की मला तो वॉर्ड आठवतो. शेजारच्या खाटेवरची रत्नागिरीकडची मुलगी आठवते. तिच्याबद्दल आज लिहवत नाही.

आता सप्टेंबर, मुलांच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना, आला की सगळे डीपीला त्याची सोनेरी फीत लावतील. लावा. खेळणी वाटतील, तीही वाटा, माझ्या मुलाला मिळालेली निळी गाडी अजून आमच्या कपाटात आहे. पण ऑक्टोबर 2023 मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या देशी कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी बदलून कॅन्सरवर सोडतात तो) मंजुरी मिळाली, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत आपण सगळे होतो ना? त्यामागे रात्ररात्र प्रयोगशाळेत बसलेली अशीच पोरं असतात. आणि ती मंजुरी होती 15 वर्षांच्या पुढच्या रुग्णांसाठी. सहा वर्षांच्यांसाठी कोण बसणार आहे?

अमेरिकेत अ‍ॅलेक्झांड्रा स्कॉट नावाच्या चार वर्षांच्या मुलीने 2000 साली घरापुढे लिंबू सरबत विकून कॅन्सरसाठी पैसे जमवले. तिलाच कॅन्सर होता. आठव्या वर्षी गेली. तिच्या नावाची संस्था आज तरुण संशोधकांना पैसे देते.

37 हजार गुणिले बारा, 4 लाख 44 हजार. एका संशोधकाचं एक वर्ष. आपल्याकडे मांडव, लायटिंग, ऑर्केस्ट्रा, फटाके यांवर काय जातं ते तुम्हांला मी सांगायला नको. चवथ माझीही आहे, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी मीच बांधते, मला कोणी शिकवायला येऊ नका. एक रात्र ऑर्केस्ट्रा नसला तर गणपती रागावणार नाही.

ते तिकीट अजून माझ्याकडे आहे. ठिपके पुसट झालेत, एकाभोवती तिने केलेलं गोल तेवढं दिसतं. त्या पोरीचं नावही विचारलं नाही मी तेव्हा. चपलेकडेच बघत राहिले होते.

रविवारी संध्याकाळी पाचला देवळाच्या सभामंडपात गणपती मंडळाची बैठक आहे. वर्गणीतला काही भाग दरवर्षी अशा एका संशोधकासाठी बाजूला काढावा, असं मी मांडणार आहे. त्या मुलीलाही बोलावलंय, कुठे नि कसे द्यायचे हे ती सांगेल. वाड्यावरचे कोण कोण येताय ते खाली लिहा.