ना. म्हणजे नागा

फ्रिज आणि दाराची चौकट यांच्या मधे वीतभर भिंत उरते. तिच्यावर एक खिळा आहे आणि त्या खिळ्यावर तेवीस वर्षं माझं राज्य होतं. 'होतं' हा शब्द मुद्दाम वापरला आहे.

दर वर्षी तिथं नवं कॅलेंडर चढायचं. त्यातल्या एकादश्या, चतुर्थ्या, मागच्या पानावरच्या पाककृती बाकी जगासाठी. मला फक्त तारखांचे चौकोन हवे असायचे. 'दीड' म्हणजे दूध दीड लिटर. 'ना.' म्हणजे नागा, दूधवाला आलाच नाही. 'र.' म्हणजे मावशींची रजा. 'सि.' म्हणजे सिलेंडर लावलं. 'इ. १४' म्हणजे इस्त्रीला चौदा कपडे गेले, तेरा परत आले तरी इथं दाखवता येईल. हा सगळा कारभार दोरीनं खिळ्याला बांधलेल्या पेन्सिलीच्या बुडख्यावर चालायचा. तेवीस वर्षांत दूधवाल्याशी एकदाही वाद झाला नाही. आमच्या नागपूरच्या प्रतापनगरात ही गोष्ट साधी नाही.

३१ जुलै २०२४ ला आमचे हे सेवानिवृत्त झाले. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ (घरातलं चौथं) आणि ऑफिसचा ड्रॉवर रिकामा करताना निघालेली मूठभर लाल पेनं घेऊन घरी आले. आयुष्यभर फायलींच्या समासात शेरे मारलेला माणूस. घरात फाईल नव्हती, पण समास होता. माझा.

१ ऑगस्टला सकाळी दीड लिहायला गेले, तर चौकोनात लाल अक्षरात आधीच वस्ती झालेली. 'लो. टिळक पुण्यतिथी १९२०. अण्णाभाऊ साठे जन्म १९२०.' दीडाला पाय टेकायला जागा नाही.

"अहो, हे काय?"

"दिनविशेष. घरातल्या पोरांना कळलं पाहिजे."

घरात पोरगं एकच. ते पुण्याला असतं. दिवाळीत येतं तेव्हा फ्रिज उघडून उभं राहतं, बाजूच्या भिंतीकडे त्यानं जन्मात कधी पाहिलं नाही.

पुढं हे रोजचंच झालं. सकाळी सहाला उठून दोन वर्तमानपत्रं, मग लाल पेन, मग पोह्यांच्या वेळी जाहीर वाचन. आधी इतिहास, नंतर चालू घडामोडी, आणि पोह्यांवर तर्री पडेस्तोवर दोन्हींचा काला. कोणी आमदार या पक्षातून त्या पक्षात गेला, की हे थेट भोसल्यांच्या दरबारात शिरायचे आणि बराच वेळ परत यायचे नाहीत. माझा एक कान तिकडे, एक डोळा गॅसवर. आप्पासाहेब भोसले इंग्रजांशी वरून गोड कसे आणि आतून काय हे ऐकता ऐकता गंजातलं दूध दोनदा उतू गेलं. हे नुकसान कोणत्याच चौकोनात लिहिलेलं नाही.

सासूबाईंना वाटलं होतं, पोळ्यापर्यंत हे खूळ उतरेल. ३ सप्टेंबरला तान्हा पोळा. महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत निघाली, मागून बडगे. बाहेरच्यांसाठी सांगते, मारबत म्हणजे ईडा पिडा घेऊन जाणारी बाईची मोठी पुतळी, आणि बडगे म्हणजे पुतळे. वर्षभर ज्या ज्या गोष्टीनं नागपूरकरांचं डोकं उठवलं, त्या सगळ्यांचे. महागाई, भ्रष्टाचार, पुढारी, कोणालाही सुटका नाही. ह्यांनी त्या दिवशीच्या चौकोनात मारबतीचा सगळा इतिहास कोंबला. सासूबाई देवघरातून उठून आल्या, चष्मा वर केला, ते लाल जंगल बघितलं आणि जोरात म्हणाल्या, "ईडा पिडा, खोकला-खरूज, माह्या पोराचा लाल पेन, घेऊन जा गे मारबत!"

मारबत गेली. पेन राहिलं.

खरा घोळ सप्टेंबरच्या हिशेबात झाला. १ ऑक्टोबरला दूधवाला भाऊ पैशाला आला. मी चौकोन मोजले. नागा तीन. तीस वजा तीन, सत्तावीस दिवस, दीड लिटर, साठाचा भाव, दोन हजार चारशे तीस. पैसे हातावर ठेवले. त्यानं मोजले, पुन्हा मोजले, आणि खिशातून रबर लावलेली आपली चिमुकली वही काढली.

"काकू, नागा दोनच हायेत."

"तीन आहेत भाऊ. हे बघा ना. चार तारीख, सतरा तारीख, आणि अठ्ठावीस."

"अठ्ठावीसले तं मी दूध देल्लं जी. शनिवार होता. तुमच्या आजींनंच तं घेतलं."

मी त्याला कॅलेंडरपाशीच नेलं. पुरावा म्हटल्यावर पुरावा. अठ्ठावीसच्या चौकोनात लख्ख 'ना.' होतं. त्याच्यापुढं आणखी काहीतरी लाल होतं, पण तेवीस वर्षांच्या सवयीनं मी 'ना.' च्या पुढं कधी वाचलंच नव्हतं. भाऊनं मान तिरपी करून वाचलं. "ना... क... रा... र. हे काय हाय?"

तेवढ्यात हे बाहेरच्या खोलीतून आलेच. "ना. करार. म्हणजे नागपूर करार! २८ सप्टेंबर १९५३!"

आणि मग दारातच सुरू झाले. भाऊच्या एका हातात कॅन, दुसऱ्या हातात माझ्या नोटा. यशवंतराव चव्हाणांपासून सगळ्यांनी सह्या कशा केल्या, विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या आणि खर्चाचा वाटा देऊ असं कसं कबूल केलं, सरकार काही काळ नागपूरला हलेल आणि वर्षातून निदान एक अधिवेशन इथं होईल असं कसं ठरलं. आधी हे शहर मध्य प्रांताची राजधानी होतं, १९५६ ला राजधानी गेली, १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि मग अनुशेष! 'अनुशेष' म्हणताना ह्यांचा आवाज चढतो. खालच्या मजल्यावरच्या काकांनी खिडकी उघडली.

भाऊनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. त्याला अजून अकरा घरं करायची होती. शेवटी म्हणाला, "म्हणजे कबूल केलं होतं, आन देल्लं नाही?"

"एक्झॅक्टली!" हे म्हणाले. इतका समजूतदार श्रोता ह्यांना ऑफिसातही कधी मिळाला नव्हता.

"मंग माह्यं बी तसंच झालं ना जी. मी दूध देल्लं, आन नव्वद रुपये कापले."

मी पैसे आणायला आत वळणार, तर ह्यांनी हात वर केला. "आता महिन्याचा हिशेब बंद झाला. पुढच्या महिन्याच्या बिलात समायोजन करू." एकतीस वर्षं हेच बोलत आलेला माणूस. भाऊनं वहीत काहीतरी लिहिलं आणि कॅन उचलून गेला.

दसऱ्याला नवं प्रकरण निघालं. ह्यांनी धम्मचक्र प्रवर्तन १४ ऑक्टोबरच्या चौकोनात लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, "चुकलं. दसऱ्याले होतं ते." २०२४ चा दसरा बारा तारखेला. हे म्हणाले, "आई, १४ ऑक्टोबर १९५६, जगाला माहीत आहे." सासूबाई ऐकेनात. त्यांचं माहेर धंतोलीतलं, तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. "तारीख मले काय सांगतो? त्या दसऱ्याले सोनं द्यायले आम्हाले घराबाहेर निघता येईना. गल्लीत पांढरंच पांढरं. बाया, पोरं, म्हातारे, डोक्यावर गाठोडी, रात्रभर चालून राहिले होते. माह्या आईनं पाण्याचे दोन गुंड भरून ओसरीवर ठेवले, मी गडवा घेऊन बसली. लोक पाणी पेत आन पुढं जात. एका बाईनं जाता जाता माह्या गालाले हात लावला." एवढं बोलून त्या गप्प झाल्या आणि शेंगा सोलायला लागल्या.

हे चौकोनाकडे बघत उभे राहिले. नंतर बाराच्या चौकोनातही लिहिलं. बरोबर दोघंही होते. दीक्षाभूमीवर लोक दसऱ्याला जातात आणि चौदालाही जातात. माझं दीड मात्र दोन्हीकडून हुकलं. त्या दोन दिवसांचं दूध मी गॅसच्या ओट्याच्या टाईलवर लिहिलं, ते मावशींनी पोचाऱ्यासरशी पुसलं.

मग निवडणूक आली. नव्वद रुपये कोणाच्या लक्षात राहणार! २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. निकालाच्या दिवशी सकाळपासून टीव्हीवर आकडे पळत होते आणि मला वाटलं, आज चौकोनात जागांची बेरीज असणार. जाऊन बघितलं तर तिथं नेहमीपेक्षा बारीक अक्षरात इतकंच होतं : 'गोवारी. १९९४. ११४.' अधिवेशनाच्या काळातला गोवारी समाजाचा मोर्चा, चेंगराचेंगरी, मेलेले ११४ जण. तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं, पण ती संध्याकाळ नागपुरातला कोण विसरतो? त्या दिवशीचं दीड मी शेजारच्या चौकोनात लिहिलं.

२६ नोव्हेंबरला मात्र ह्यांनी कहर केला. सीताबर्डीची लढाई १८१७. संविधान स्वीकृत १९४९. मुंबई हल्ला २००८. त्याच दिवशी जुन्या विधानसभेची मुदत संपत होती आणि मुख्यमंत्री कोण ते ठरलं नव्हतं, म्हणून कोपऱ्यात एक मोठं लाल प्रश्नचिन्ह. नेमकं तेव्हाच सिलेंडर संपलं. इंचभर जागेत लढाई, संविधान, हल्ला आणि सरकार. 'सि.' लिहिला तो प्रश्नचिन्हाच्या पोटात. सासूबाईंनी वाचलं, "सि?" आणि म्हणाल्या, "खरंच, कोण होईल रे सी. एम.?"

डिसेंबरात मावशींनाही झळ लागली. ११ तारखेला 'र. ३ गेले' असं दिसलं. मी विचारलं, "मावशी, तीन रजा कधी झाल्या?" मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. "मी कुठी गेली वो बाई? रोज तं येऊन राहिली." 'र. ३' म्हणजे रघुजी भोसले तिसरे निघाले, नागपूरचे राजे, १८५३ ला वारलेले. मावशींनी फडक्यानं हात पुसले. "मेलेल्या राजाची रजा माह्या नावावर काहून?"

माझा संयम संपला. मी म्हटलं, वाटणी करा. हे तयारच होते. चौकोनाचा वरचा अर्धा भाग इतिहासाला, खालचा संसाराला, असा मसुदा त्यांनी केला. १५ डिसेंबरला इथल्या राजभवनावर ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला आणि अडीच-अडीच वर्षांचं बोलणं कानावर आलं, तेव्हा ह्यांनी सुधारित प्रस्ताव आणला : खिळा अडीच वर्षं ह्यांच्याकडे, अडीच वर्षं माझ्याकडे. "आधी कोण?" मी विचारलं. ह्यांनी पेपर वर धरला. महाराष्ट्रात अडीच वर्षांचा वायदा पहिल्या अडीचवाल्यालाच मानवतो, हे २०१९ पासून शेंबडं पोरही सांगेल.

१६ ला अधिवेशन बसलं. मोर्च्यासाठी वणीचे भाऊजी आणि त्यांचे दोन मित्र आमच्याकडे मुक्कामाला. सकाळी पोहे, दुपारी यशवंत स्टेडियम, रात्री चून-भाकर आणि घोषणांनी बसलेल्या घशांना हळदीचं दूध. भाऊजींच्या संघटनेचं निवेदन कोणीतरी घेतलं म्हणे, कोणी ते त्यांनाही नीट सांगता येईना. मंत्रिमहोदयांचा पीए होता किंवा पीएचा पीए. दीडाचं तीन झालं. करारात हलायचं होतं सरकार. माझ्याकडे हललं ते दूध. २१ तारखेला सरकार मुंबईला गेलं, भाऊजी संत्र्यांची पिशवी घेऊन वणीला गेले, दूध दीडावर आलं. सहा दिवस मोजून.

१ जानेवारीला जुनं कॅलेंडर उतरवलं. हे वरच्या अर्ध्या भागासाठी पट्टीनं रेघा मारत बसले होते. दारात कॅन वाजली. मी या वेळी चष्मा लावून, प्रत्येक 'ना.' च्या पुढचं वाचून, हिशेब केला. भाऊनं पैसे मोजले. बरोबर होते. तरी तो हलेना. रबर काढून त्यानं वही उघडली, बोट लावलं.

"काकू, ते नागपूर कराराचे नव्वद रुपये अजून यायचे हायेत."

ह्यांची पट्टी थांबली. मी आत जाऊन शंभराची नोट आणली. भाऊकडे सुटे नव्हते. म्हणाला, दहा रुपये पुढच्या महिन्यात वळते करतो.

ते मी नव्या कॅलेंडरच्या पहिल्याच चौकोनात, रेघेच्या वर, लिहून ठेवले आहेत. लाल पेनानं.