काळी पाचचं गाणं पांढरी एकमध्ये विकणाऱ्यांनो

पैसे भरले, पियानोच्या नोटेशनची पीडीएफ उतरवली, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली, स्टँडवर लावली आणि पहिल्या ओळीलाच डोकं सणकलं. सुरुवातीला फ्लॅटची, म्हणजे कोमल सुराची, एकही खूण नाही. क्वीन बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आहे हो ते! पट्टी बी फ्लॅट, म्हणजे आपली काळी पाच. १९७५ पासून तिथेच आहे, कुठे पळून गेलेलं नाही. आणि या महाभागांनी ते उचलून पांढरी एकमध्ये बसवलंय. विकताना वर लिहिलं काय होतं? 'मूळ पट्टीत, इंटरमीडिएट.' कोणाचं मूळ? कसलं मूळ?

बरं, पट्टी बदलली तर बदलली, गाणं तरी ठेवायचं. गाण्यात 'मामा', म्हणजे आई, अशी हाक येते त्याआधी पियानोवर डावा हात उजव्यावरून पलीकडे जातो आणि वरचे सूर टिपून परत येतो. इतक्या वर्षांनी मी माझ्या डिजिटल पियानोवरचं कापड काढलं ते त्या एका हालचालीसाठी. १३ जुलै १९८५, लंडनच्या वेम्ब्लीवरचा 'लाइव्ह एड' कार्यक्रम, पियानोवर पेप्सीचे कागदी ग्लास मांडलेले आणि क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी येऊन बसल्या बसल्या हेच सुरू करतो. ते बघून अंगावर काटा येत नसेल त्याने पुढे वाचू नये. तर आमच्या या विकतच्या कागदात डावा हात कुठेही जात नाही. सा धरून बसलाय. चार मात्रा सा, पुन्हा चार मात्रा सा, तंबोऱ्याला बसवल्यासारखा. आणि मधला ऑपेरासारखा भाग? 'गॅलिलिओ, गॅलिलिओ' म्हणतात तो? गायब. सुरुवातीचं संथ बॅलड संपलं की आठ मात्रा उगाच वर-खाली आणि एकदम शेवट. पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं गाणं दोन पानांत! रेकॉर्ड कंपनी त्या काळी लांब लांब म्हणून ओरडत होती तरी त्या चौघांनी कापू दिलं नाही. ते काम तुम्ही साडेचारशे रुपये घेऊन केलंत.

तक्रार केली. लगेच उत्तर. 'आपली निराशा आम्ही समजू शकतो.' नाही समजू शकत. तू यंत्र आहेस. पुढे: 'डिजिटल वस्तूंचा परतावा मिळत नाही.' म्हटलं, वस्तूच चुकीची दिलीत. तर म्हणे, 'आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?' आणखी? आधी काय केलीत?

भाचा शेजारी बसून मोबाइल चाळत होता. मान वर न करता म्हणतो, "मावशी, ट्रान्सपोझचं बटण दाब ना. मायनस दोन." म्हणजे बोटं पांढरी एकमध्ये वाजवणार, ऐकू येणार काळी पाच. मी त्याला दहा मिनिटं ऐकवलं. काळ्या पट्ट्यांवर हात कसा बसतो, अंगठा कुठे जातो, बोटांना पट्टी कशी पाठ होते, फ्रेडीच्या पियानोला बटण होतं का. तो "हं" म्हणाला. तो गेल्यावर दाबलं. रेकॉर्डबरोबर व्यवस्थित जुळलं. त्याचा राग वेगळा.

आणि आता विषय निघालाच आहे तर ते पियानो शिकवणारे व्हिडिओ. वरून रंगीत विटा पडतात, त्या पडतील तशी बोटं आपटायची. हे शिकवणं? कुठलं बोट, कुठला हात, काही नाही, फक्त विटा. अवघड जागा आली की नेमकी जाहिरात.

मग ते सूर लांबवायचं पेडल. पियानो चालू करताना त्याच्यावर चुकून पाय असला की सगळं उलटं. दाबलं की सूर तुटतो, सोडलं की घुमत राहतो. मला वाटलं पेडल गेलं, नवीन मागवलं. जुनं पेडल आता दाराला अडसर म्हणून छान काम करतंय.

लहानपणी तरी काय सुख होतं? लंडनच्या बोर्डाची पियानोची परीक्षा. वर्षाला तीन तुकडे, म्हणजे तीन छोट्या रचना, आणि स्केल्स, म्हणजे सुरांचे आरोह-अवरोह. वर्षभर तेच तीन तुकडे, ते बाईंनी निवडलेले, आणि क्वीनचं नाव काढलं की "ते नंतर." ते 'नंतर' आत्ता आलंय, तर माझी करंगळी दुखतेय. प्रमाणपत्रं माळ्यावर आहेत. आई अजून विचारते, लॅमिनेट करून देऊ का.

नातेवाईकांचं निराळंच. "अगं, तो फ्रेडी म्हणजे आपलाच! पाचगणीचा!" माहितेय. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत होता, तिथे 'हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. झांझिबारमध्ये जन्मला, पारशी होता, आणि पाचगणीला स्ट्रॉबेरी क्रीम खाऊन आलात म्हणून तो तुमचा होत नाही. आपलाच ना? मग मी वाजवायला बसले की तिसऱ्या मिनिटाला "ते ओळखीचं काहीतरी वाजव गं" का? हे ओळखीचंच आहे! जगात याहून ओळखीचं काय आहे?

म्हणून रात्री हेडफोन लावून. तर खालच्या काकू सोसायटीच्या ग्रुपवर विचारतायत, अकरानंतर कोण ठकठक करतं. सूर माझ्या कानात, ठकठक त्यांच्या छतावर. म्हणजे एवढ्या मोठ्या गाण्यातलं त्या बिचारीच्या वाट्याला काय आलं, तर नुसत्या पट्ट्या आपटल्याचा आवाज. खरं तर दोन पानांच्या आवृत्तीपेक्षा वाईट नाही.

ते कागद भाच्याने विमानं करायला नेले. आता कानानेच काढतेय, काळी पाचमध्ये, बटण बंद. डावा हात पलीकडे जातो, अगदी जातो. फक्त तो बघायला मान वळवली की चष्मा नाकावरून सुटतो आणि थेट काळी तीनवर पडतो. तो सूर तिथे नाहीये हो.